साका (आंबा)

साका ही हापूस आंब्याच्या गरात आढळणारी शारीरिक विकृती आहे. ती बुरशी, जिवाणू किंवा कीड यांमुळे होत नाही. मात्र तिच्या मूळ कारणाविषयी संशोधकांत अद्याप एकमत झालेले नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण, गुहागर, दापोली आदी तालुक्यांसह कोकणच्या संपूर्ण हापूस पट्ट्यात ही विकृती परिचित आहे. चीमा व दाणी यांनी १९३४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले.

== लक्षणे ==
साक्याचे फळ बाहेरून निरोगी फळासारखेच दिसते. ते कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट किंवा फिकट पिवळा, स्पंजासारखा व काही वेळा पोकळ आढळतो. हा भाग आंबट असून त्याला अप्रिय वास येतो. निरोगी गराच्या तुलनेत त्यात स्टार्च व आम्लता अधिक, तर शर्करा व कॅरोटीन कमी असते. स्टार्चचे शर्करेत रूपांतर करणाऱ्या विकरांची क्रिया मंदावल्याने हा भाग नीट पिकत नाही.

== कारणांविषयीची मते ==
एका मतानुसार तापलेल्या जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता याला कारणीभूत असते. झाडाखाली आच्छादन केल्यास साक्याचे प्रमाण घटते, या निरीक्षणाचा त्यास आधार आहे. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी विकृतीचा संबंध कोयीशी जोडला. फळ झाडावर असतानाच कोयीत रुजण्याची प्रक्रिया सुरू होते व भोवतालच्या गरावर तिचा परिणाम होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. फळाची अतिपक्वता व कॅल्शियमची कमतरता यांचाही संबंध सांगितला जातो.

== परिणाम ==
दोष फळ कापल्यावरच उघड होत असल्याने प्रतवारीत तो सुटतो. ग्राहकाच्या हाती खराब फळ पडते आणि बागायतदाराची पत व निर्यात या दोहोंना धक्का बसतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने फळ न कापता साका ओळखता येतो.

== उपाय ==
कारण निश्चित नसल्याने खात्रीचा उपचार उपलब्ध नाही. उपायांचा भर प्रमाण कमी करण्यावर आहे. फळे झाडावर पूर्ण पिकू न देता सुमारे ८५ टक्के, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘चौदा आणे’, तयार झाल्यावर काढतात. काढणी सकाळी किंवा सायंकाळी करून फळे लगेच सावलीत ठेवतात. झाडांच्या बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करतात.

दुसरा मार्ग नव्या जातींचा आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून तयार केलेली ‘रत्ना’ (१९८१) आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून तयार केलेली, पातळ कोयीची ‘सिंधू’ (१९९२) या जाती साकामुक्त आहेत.

== तुलना ==
आंब्याच्या ‘मोहोर विकृती’चे कारणही दीर्घकाळ वादग्रस्त होते. विषाणू, कोळी व संप्रेरकांचे असंतुलन अशी विविध कारणे मांडली गेल्यानंतर ‘फ्युजेरियम’ बुरशीचा संबंध सिद्ध झाला. साक्याच्या बाबतीत असा रोगकारक सजीव आढळलेला नाही.