घाटातली अक्षरं

बोरघाटातला अमृतांजन पूल 2020 च्या एप्रिलमध्ये पाडला. टाळेबंदीमुळे द्रुतगती मार्गावर चिटपाखरू नव्हतं, ती संधी साधून सुरुंग लावले आणि दगडी कमानी खाली आल्या. पुलाचे खांब रस्त्यात येत, तिथे वाहतूक तुंबे, म्हणून तो काढायचा हे आधीच ठरलेलं होतं. पण पूल गेला तरी नाव काही गेलं नाही. बातम्यांमध्ये आजही ‘अमृतांजन पुलाजवळ कोंडी’ असंच सांगतात, आणि आम्ही खोपोलीकर त्या जागेला दुसरं काही म्हणूच शकत नाही.

मी अक्षरांवर पोट भरणारी बाई. दुकानांच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं, कधी लग्नपत्रिका असं माझं काम. म्हणून मला या नावाचं फार अप्रूप आहे. ठाण्याचं कॅडबरी जंक्शन कारखान्यावरून ओळखलं जातं, पुण्यातला अलका चौक चित्रपटगृहावरून. इथे ना कारखाना होता, ना दुकान. दगडावर अमृतांजन मलमाची एक जाहिरात होती, एवढंच. खालापूर तालुक्याच्या माथ्यावरच्या या जागेला नाव दिलं ते रंगाने.

पुलाचा मूळ धंदा मात्र रेल्वेचा. पाडताना बऱ्याच वर्तमानपत्रांनी तो 1830 चा म्हणून छापलं. मला वाटतं ते साल घाटातल्या सडकेचं. गव्हर्नर माल्कमच्या काळात गाड्यांसाठी बोरघाटाचा रस्ता खुला झाला, तो 1830 मध्ये. रेल्वे 1856 पर्यंत खोपोलीला पोचली आणि तिथे थबकली. पुढे खंडाळ्याला माणसं डोलीत नाहीतर घोड्यावर बसून चढायची. घाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, सदतीस फुटांना एक फूट असा कमालीचा चढ. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिच्या नावाने कंत्राट पुढे चाललं. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर कामावर होते. एवढा चढ एका दमात जमेना, म्हणून मध्ये गाडी थांबवायची, इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने वर न्यायची, अशी सोय केली होती. पुढे विजेची इंजिनं आली, नवे बोगदे खोदले गेले, 1929 च्या सुमारास तो जुना मार्ग सुटला. पूल रुळांविना उभा राहिला.

आणि त्याच्याखालून मुंबई-पुणे रस्ता जात होता.

इथे मला जाहिरात लावणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते. चढाला गाडी आपोआप मंदावते, वळण घेतलं की कमानी समोर येतात, मान वळवायचीही गरज नाही. त्यातून घाट म्हटला की निम्म्या एसटीला गाडी लागते. डोकं धरून बसलेल्या माणसासमोर डोकेदुखीच्या मलमाचं नाव! ही जागा निवडणाऱ्याला आपलं गिऱ्हाईक कुठे आणि कोणत्या अवस्थेत भेटणार हे नेमकं कळलं होतं. अमृतांजनही मूळचं मुंबईचंच. काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी 1893 मध्ये ते तिथे सुरू केलं. मैफलींमध्ये मलम फुकट वाटून त्यांनी गिऱ्हाईक जोडलं आणि 1908 मध्ये मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढलं. कारभार पुढे मद्रासला गेला. छापील अक्षराची किंमत जाणणाऱ्या माणसाचं हे उत्पादन होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता नावच देवनागरीत लिहून बघा. अ, म, त, ज, न: प्रत्येक अक्षराला उजवीकडे उभा दांडा आहे, शिवाय मध्ये एक काना. सहा दांडे ओळीने उभे राहतात, पुलाच्या खांबांसारखे. म्हणून हा शब्द लांबूनही डगमगत नाही. अडचण दोनच ठिकाणी. ‘मृ’ची खूण ओळीच्या खाली उतरते आणि ‘तां’वरचा अनुस्वार शिरोरेघेच्या वर चढतो. त्या दोघांना जागा सोडायची तर बाकी अक्षरं लहान करावी लागतात. नाही सोडली तर त्या खुणा चेपल्या जातात. रोमन लिपीवर बेतलेल्या चौकटीत देवनागरी बसवताना आजही आम्ही याच ठिकाणी अडतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. खोपोलीच्या बाजारपेठेत आमच्या घराजवळ एक पेंटरकाका भिंती रंगवायचे, त्यांच्याकडे बघून शिकले. आधी चुन्याचा हात, मग निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून झटकायची की शिरोरेघ उमटते. मग खडूने दांडे, आणि शेवटी चपट्या ब्रशने ऑइल पेंट. ‘न’ आणि ‘म’ची गाठ ते मुद्दाम मोकळी ठेवायचे. आमच्याकडचा पाऊस भिंतीवर शेवाळ चढवतो आणि बुजायला सुरुवात होते ती गाठीपासून, असं ते सांगत. दसऱ्यानंतर पुन्हा तोच शब्द, त्याच भिंतीवर. आर. के. जोशींनी संगणकासाठी केलेला ‘मंगल’ फाँट बघितला, तेव्हा पडद्यावर अक्षर बुजू नये म्हणून पोट मोकळं ठेवण्याची तीच काळजी मला त्यात दिसली.

घाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट कळल्यावर त्यांनीच त्याला मारलं, अशी कथा आहे. ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. ट्रेडवेल, माल्कम या नावांची आठवण घाटात कोणी काढत नाही. लोक जे रोज पाहतात आणि ज्याची त्यांना गरज पडते, त्याचंच नाव जागेला चिकटतं.

दुकानांवर मराठी पाटी हवी आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम 2022 मध्ये कायद्यात आला. मला तो मनापासून पटला. पण आकार वाढवला म्हणून अक्षर वाचनीय होत नाही. आमच्या पेठेत आता फ्लेक्सवर एकच फाँट आडवा ताणून लावलेला दिसतो. दांडे जाड होतात, गाठी मिटतात, अनुस्वार शिरोरेघेत बुडतो. पाटी करायला कोणी आलं की मी आधी भिंत बघायला जाते. समोरून माणूस चालत येतो की रिक्षाने, ऊन कुठून पडतं, पागोळी कुठे गळते, हे बघते आणि मग गिऱ्हाइकाच्या नावातली खाली उतरणारी आणि वर चढणारी अक्षरं मोजायला बसते.