अडीनडीची पिशवी

आम्ही भाईंदर पश्चिमेच्या बायका. आमच्या एका अंगाला लोकलचे रूळ, दुसऱ्या अंगाला मिठागरं, पुढे उत्तनचा समुद्र आणि उत्तरेला वसईची खाडी. आज आपण अडीनडीला लागणाऱ्या पिशवीचा इतिहास बघू.

ही पिशवी नवी नाही. रानात जाताना फडक्यात भाकरी बांधणं, आजीच्या बटव्यात सुंठ-ओवा असणं, होडीत गोडं पाणी आणि शिधा भरल्यावरच कोळ्यांनी समुद्रात जाणं, ही तीच तयारी. पुढे एकेका संकटाने तिच्यात भर घातली.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, सुमारे दहा हजार जीव गेले. अंधारात ढिगाऱ्यातून हाक ऐकू जाईलच असं नाही. म्हणून पिशवीत टॉर्च आणि शिट्टी हवी, उशाशी चपला हव्यात. त्याच लातूर-उस्मानाबादमध्ये पुढे गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या आणि घरं मजबूत कशी करायची ते त्यांनी दारोदारी समजावलं. गटातल्या बायका हे काम करू शकतात, हे तिथे दिसलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी सपाट जागी साचलं तर कमरेला लागेल. लोकल बंद पडल्या, वीज गेली, फोन लागेनात. कामाला गेलेल्या कितीतरी बायकांनी स्टेशनात, ऑफिसात, अनोळखी घरांत रात्र काढली. पूर ओसरल्यावर लेप्टोचा ताप आला. म्हणून पिशवीत पिण्याचं पाणी, चणे-गूळ, सुटे पैसे, रोजच्या गोळ्या, पॅड, मलमपट्टी. आधार आणि रेशन कार्डाच्या प्रती, बँक पासबुकाची प्रत, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून.

पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक मीरा रोड-भाईंदरच्या टप्प्यात झाला. त्या संध्याकाळीही फोन लागणं कठीण झालं. नंबर फक्त मोबाइलमध्ये असले आणि तो बंद पडला, तर घरी कळवायचं कसं? म्हणून घरच्यांची नावं, नंबर आणि प्रत्येकाचा रक्तगट कागदावर लिहून ठेवायचा.

२००५ च्या अखेरीस आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७ वर, रुग्णवाहिका १०८ वर आणि पोलीस ११२ वर मिळतात. पण मदत दारात येईपर्यंतचे पहिले काही तास आपले आपल्यालाच निभवायचे असतात.

पिशवी एका खांद्याला पेलेल एवढीच भरा. दुसरा हात लेकराला धरायला मोकळा हवा. ती माळ्यावर टाकू नका, दाराजवळच्या खुंटीला लावा, आणि कुठे आहे ते घरातल्या पोरांनाही माहीत असू द्या. दर तीन महिन्यांनी पाणी बदला, गोळ्यांची तारीख बघा, टॉर्च लावून बघा.

पुढच्या बचतगटाच्या बैठकीला प्रत्येकीने आपली पिशवी घेऊन या. एकमेकींच्या पिशव्या उघडून बघू. एकीची राहिलेली वस्तू दुसरीच्या लक्षात येईल.