महाधिवक्त्याचा अधिकार, जिल्हाधिकाऱ्याच्या हाती
अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावरील सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा लावण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 91 नुसार महाधिवक्त्याचा. पण कलम 93 प्रमाणे इलाखा शहरांबाहेर (म्हणजे मुंबईसारख्या शहरांबाहेर), शासनाच्या पूर्वमंजुरीने, तो जिल्हाधिकाऱ्यालाही वापरता येतो. याला ‘अधिकार सोपवणे’ म्हणणे मला चुकीचे वाटते. महाधिवक्ता इथे स्वतः काहीच सोपवत नाही. वाटणी कायदाच करतो, आणि महाधिवक्त्याचा मूळ अधिकार शाबूत राहतो. अलिबागेत बसणारा जिल्हाधिकारी शासनाचाच अधिकारी, तो शासनानेच केलेल्या उपद्रवाविरुद्ध कसा उभा राहील, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच कलम 91 मधली 1976 ची दुरुस्ती मोलाची: तोवर दोन नागरिकांना दाव्यासाठी महाधिवक्त्याची लेखी संमती लागे, आता न्यायालयाची परवानगी पुरते.