केशवसुतांच्या ‘तुतारी’तील स्वातंत्र्यकल्पना

रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्यानजीक मालगुंड हें गांव आहे. कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत (१८६६–१९०५) यांचें जन्मगांव म्हणून तें प्रसिद्ध आहे. त्यांची ‘तुतारी’ ही कविता सन १८९३ ची. पारतंत्र्याविरुद्धची रणगर्जना असा तिचा अर्थ पुष्कळदां गृहीत धरला जातो. तो कवितेच्या शब्दांवरून सिद्ध होतो काय, येवढाच प्रश्न आम्ही येथें विचारार्थ घेतला आहे.

प्रथम रचना पाहूं. कडवें पांच चरणांचें व चरण सोळा मात्रांचा. पहिल्या व पांचव्या चरणाचें यमक एक. मधल्या तिहींचें दुसरें. मधले तीन चरण एकाच यमकावर वेग घेतात, आणि पांचवा चरण पहिल्याकडे वळून बहुधा आज्ञा किंवा प्रश्न करितो. श्लोकाची चार चरणांची संथ बैठक येथें मोडली आहे. कडव्याची ठेवणच हाकेची आहे.

वाद्याची निवडहि अशीच सहेतुक आहे. सारंगी, सतार, वीणा, मृदंग, सनई हीं कवीनें नांवें घेऊन नाकारिलीं आहेत. हीं बैठकीचीं व मंगलकार्याचीं वाद्यें. तुतारी ही स्वारीपुढची. ती रंजन करीत नाहीं, वर्दी देते.

आतां शब्द. शत्रु म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ते रूढि, जुलूम, दंभ आणि धर्माचें अवडंबर. परकीय सत्तेचें नांव कोठेंहि नाहीं. ‘भूधर’सारख्या संस्कृत शब्दाशेजारीं ‘बेलाशक’ बसला आहे. जुनीं दफ्तरें चाळणाऱ्यांस ही मिसळ परिचयाची वाटेल. प्रतीकांत खंदकाचें प्रतीक आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. गडाभोंवतीं खंदक खणतात तो शत्रूस अडविण्यासाठीं. येथें तो स्वजनांच्याच संघशक्तीच्या भूमींत पडला आहे, व तो स्वतःच्या देहांनीं भरून काढावयाचा आहे.

कोणी म्हणेल कीं, राजद्रोहाचें कलम सन १८७० पासून अमलांत असल्यामुळें कवीनें खरा शत्रु झांकला असेल. हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. अंत्यजाच्या मुलाच्या पहिल्या प्रश्नावरील त्यांची कविता १८८८ ची. म्हणजे ही तळमळ आडपडदा म्हणून घेतलेली नव्हे. शिवाय पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण १८९० चें आणि संमतिवयाचा कायदा १८९१ चा. त्या वादळाच्या पाठोपाठ ‘तुतारी’ लिहिली गेली.

मग राजकीय अर्थ कोठून आला? हरि नारायण आपटे यांनीं केशवसुतांच्या कवितांचा संग्रह १९१७ सालीं, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनीं, प्रसिद्ध केला. होमरूलची चळवळ १९१६ पासून सुरू झालेली होती. त्या वाचकांनीं १८९३ च्या शब्दांत आपल्या काळचा अर्थ वाचला असल्यास नवल नाहीं. तो अर्थ कवितेस पेलतो. पण तो तिचा मूळ अर्थ नव्हे. ज्याची मान रूढीखालीं वांकलेली आहे, त्यास प्रथम ताठ उभें राहण्याचें स्वातंत्र्य हवें, हें कवीचें म्हणणें.

सबब ज्यांच्या संग्रहीं ‘करमणूक’ किंवा ‘काव्यरत्नावली’ यांचे जुने अंक असतील, त्यांनीं ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. कवितेचा अर्थ ठरविण्यास तिच्याखालील मितीहि साक्षीदार असते.