गुलबर्ग्याच्या मशिदीला स्पेन कशाला?

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद पाहायला गेलं की स्पेनचा विषय हटकून निघतो. कॉर्डोबाच्या मशिदीवरून ही बेतली, असं माहितीपुस्तकंही सांगतात. कारण बहुधा एकच: सुमारे 216 फूट लांब आणि 176 फूट रुंद अशी ही वास्तू सबंध छताखाली आहे. भारतातल्या मोठ्या मशिदींना असतं तसं उघडं अंगण तिला नाही.

गंमत अशी, की कॉर्डोबाला अंगण आहे. संत्र्याच्या झाडांचं, चांगलं ऐसपैस. तिथे सडपातळ खांबांवर नालाच्या आकाराच्या कमानी, त्यांवर पुन्हा कमानी. इथे बुटक्या आधारांवरून उठलेल्या रुंद, टोकदार कमानी. शिवाय कॉर्डोबा 1236 मध्येच कॅस्टीलच्या राजाने घेतलं आणि तिथल्या मशिदीचं चर्च झालं. गुलबर्ग्याचा शिलालेख हिजरी 769 चा, म्हणजे इ.स. 1367 चा. त्यात बांधणाऱ्याचं नाव आहे: रफी बिन शम्स बिन मन्सूर काझविनी. काझवीन इराणात. अभ्यासक हेलन फिलॉन यांच्या मते तर ही मुळात मशीदच नव्हे, बहमनी सुलतान फिरोजशहाचा (1397–1422) दरबारमंडप. हा वाद मिटलेला नाही. पण कुठलीही बाजू घ्या, स्पेनवाचून काही अडत नाही.

समुद्रापलीकडे नातं शोधायचंच तर ते कमानींपेक्षा घोड्यांत शोधावं. होर्मुझहून जहाजाने चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन 1470 च्या आसपास बहमनींच्या तेव्हाच्या राजधानीत, बीदरमध्ये होता. विकायला एक घोडा त्याने बरोबर आणला होता. परतताना तो वाटेतच वारला, पण त्याची टिपणं रशियन बखरींत उतरून घेतली गेली म्हणून वाचली.

गुलबर्ग्याची मालपुरी खाताना तिला बहमनी वारसा चिकटवायचा मोह होतो. मी तो टाळतो. निकितिनच्या टिपणांत सापडणारा गोड पदार्थ वेगळाच आहे, आणि तो माणसांसाठी नव्हता. जुन्नरच्या मुक्कामाबद्दल लिहिताना तो सांगतो, की इथे घोड्यांना हरभरे देतात, आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडीही. समुद्रापलीकडून आणलेलं महागडं जनावर या हवेत टिकवायचं, तर एवढे लाड करणं भागच असणार.

आळंदच्या शेख अलाउद्दीनच्या जत्रेचंही तो वर्णन करतो. बाजार दहा दिवस चाले आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकले जात. आकडा व्यापाऱ्याच्या तोंडचा आहे, थोडा हात राखूनच घ्यावा.

बीदरच्या राजवाड्यातलं कोरीवकाम आणि सोनं यांचं त्याला अप्रूप वाटलं. वाड्याला सात दरवाजे. प्रत्येकावर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू लेखनिक. काही जण आत जाणाऱ्यांची नोंद करत, काही बाहेर पडणाऱ्यांची. परक्यांना आत सोडत नसत, असंही तो लिहितो. त्यामुळे घोड्यांची खिचडी त्याच्यामुळे आपल्याला कळते. सुलतानाच्या मुदपाकखान्याची बातमी मात्र त्याच्याकडे मागू नये.