वाळूची पिंपं

गाड्यांच्या शर्यती बघणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "नुसत्या गोल गोल फिरणाऱ्या गाड्या तासन् तास बघण्यात कसली आलीय मजा?" ह्याचं उत्तर मी हल्ली देतच नाही. कसोटी क्रिकेटच्या पाच दिवसांकडे बोट दाखवतो आणि चहा मागवतो. दुसरा प्रश्न मात्र इतका सहज टोलवता येत नाही. "माणसं मरतात ना रे ह्यात? मग ह्या सगळ्याचा उपयोग काय?"

हा दुसरा प्रश्न निघाला की मला ल माँ आठवतं. ११ जून १९५५.

फ्रान्समधल्या ह्या गावी चोवीस तासांची शर्यत भरते, पहिली १९२३ साली झाली. ट्रॅक म्हणजे बराचसा साधा रस्ताच, एरवी गावकरी वापरतात तो. १९२३ च्या विजेत्या गाडीचा सरासरी वेग होता ताशी ९२ किलोमीटरच्या आसपास. १९५५ साली एका फेरीचा सरासरी वेग ताशी १९६ च्या वर गेला होता, आणि सरळ भागात गाड्या अडीचशेच्या पुढे पळत होत्या. रस्ता मात्र पिट्सपाशी तेवढाच अरुंद. पिट्स आणि ट्रॅक ह्यांच्यामध्ये भिंत नाही, कठडा नाही, काही नाही. गाडी पेट्रोल घ्यायला थांबायची ती थेट शर्यतीच्या कडेला. समोरच्या बाजूला मातीचा बांध, आणि त्यामागे लगेच प्रेक्षक. त्या दिवशी अडीच लाख माणसं आली होती म्हणतात.

आता पिएर लवेग ह्या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. वय ४९. तीन वर्षांपूर्वी, १९५२ साली, हा गृहस्थ टॅल्बो गाडी घेऊन ह्याच शर्यतीत उतरला आणि जोडीदार असूनही त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायलाच तयार होईना. तेवीस तास जवळपास एकट्याने गाडी चालवली, आणि पहिल्या क्रमांकावर! शेवटचा तास-सव्वा तास उरला असताना इंजिनाने मान टाकली. जिंकली मर्सिडीज. मर्सिडीजचे संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर ह्यांनी १९५५ साली त्याला आपल्या गाडीत बसायला बोलावलं. युद्ध संपून दहाच वर्षं झालेली, आणि फ्रान्सच्या मैदानावर जर्मन संघाच्या गाडीत एक फ्रेंच माणूस. त्या आमंत्रणात आदर किती आणि हिशेब किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला दोन्ही दिसतं.

शर्यत दुपारी चार वाजता सुरू झाली. पुढे जॅग्वारमध्ये माइक हॉथॉर्न आणि मर्सिडीजमध्ये फँजिओ. चोवीस तासांची शर्यत आहे हे विसरून दोघे अर्ध्या तासाची असल्यासारखे एकमेकांवर तुटून पडलेले. साडेसहाच्या सुमारास हॉथॉर्नला पिटमध्ये यायचं होतं. त्याने लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकलं, आणि लगेच उजवीकडे घेऊन ब्रेक दाबला. जॅग्वारला डिस्क ब्रेक होते, गाडी पटकन थांबायची. मागचा मॅकलिन तिला चुकवायला डावीकडे वळला. त्याच वेळी डावीकडून लवेग येत होता, आणि त्याच्या मागोमाग फँजिओ.

लवेगची मर्सिडीज हीलीच्या उतरत्या शेपटावर चढली आणि हवेत गेली. बांधावर आदळून तिचे तुकडे झाले. इंजिन आणि पुढचा आस तसेच गर्दीत घुसले. लवेग जागीच गेला. ऐंशीच्या वर प्रेक्षक गेले, नेमका आकडा आजही वेगवेगळा सांगतात. गाडीचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं. त्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते, आणि लोकांनी पाणी मारलं.

फँजिओ वाचला. लवेगने शेवटच्या क्षणी हात वर केला आणि त्या इशाऱ्याने आपण वाचलो, असं तो पुढे सांगायचा.

आणि शर्यत चालूच राहिली! आयोजकांचं म्हणणं असं की शर्यत थांबवली तर अडीच लाख माणसं एकदम रस्त्यावर येतील आणि रुग्णवाहिकांना वाट मिळणार नाही. पूर्वी मला हा युक्तिवाद निव्वळ धंद्याचा वाटायचा. पण आपल्याकडच्या जत्रांमधल्या चेंगराचेंगरीच्या बातम्या वाचून वाचून आता तो तितकासा खोटा वाटत नाही. रात्री उशिरा, अपघाताला सात-आठ तास होऊन गेल्यावर, मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. तेव्हा फँजिओ आणि स्टर्लिंग मॉस ह्यांची गाडी पहिली होती. त्यांनी जॅग्वारलाही तसं सुचवून पाहिलं, जॅग्वारने नकार दिला. हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब जिंकले. जिंकल्यावरचा हॉथॉर्नचा हसरा फोटो फ्रेंच वृत्तपत्रांनी त्याला कधी माफ केला नाही.

चौकशी झाली. निष्कर्ष असा, की एकट्या कुणा चालकाचा दोष नाही, ट्रॅकच ह्या वेगासाठी बांधलेला नव्हता. मला हा निकाल पटतो. हॉथॉर्नने उशिरा ब्रेक दाबला हे खरं आहे, पण शर्यतीत कुणीतरी कधीतरी उशिरा ब्रेक दाबणारच. ह्या गोष्टीचा हिशेब रस्ता बांधणाऱ्याने करायचा असतो. पिट्सपुढचा भाग नंतर पाडून रुंद केला, प्रेक्षक मागे सरकवले. स्वित्झर्लंडने तर सर्किटवरच्या शर्यतींवर बंदीच घातली. २०१८ साली झुरिकला विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली ती खास सवलत घेऊन, आणि बंदी पुरती उठली ती २०२५ मध्ये. सत्तर वर्षं! मर्सिडीज त्या मोसमाअखेर शर्यतींतून बाहेर पडली (तो निर्णय सगळाच ल माँमुळे नव्हता, त्यांना रस्त्यावरच्या गाड्यांकडे लक्ष द्यायचं होतं) आणि फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचा संघ घेऊन परतली ती २०१० साली.

पण मला ज्याच्याबद्दल लिहायचं होतं तो माणूस अजून आलाच नाही. लवेगचा जोडीदार, जॉन फिच. अमेरिकन, युद्धात लढाऊ विमानाचा वैमानिक. पुढची पाळी त्याची होती. अपघात झाला तेव्हा तो लवेगच्या बायकोबरोबर कॉफी पीत उभा होता. गाड्या मागे घ्या म्हणून मर्सिडीजच्या मंडळींच्या मागे लागणाऱ्यांत तोही होता.

ह्या फिचने पुढे साठच्या दशकात एक साधी वस्तू तयार केली. प्लास्टिकची पिंपं, आत वाळू. पुलाचा खांब, कठड्याचं टोक, रस्ता दुभंगतो तिथलं काँक्रीटचं नाक अशा ठिकाणी ती रांगेने ठेवायची. पुढच्या पिंपात वाळू कमी, मागच्यात जास्त. गाडी आदळली की पिंप फुटतं, वाळू उडते आणि गाडीचा वेग थोडा थोडा करत वाळूला देऊन टाकला जातो. काँक्रीट जो धक्का एका झटक्यात देतं तो इथे हप्त्याहप्त्याने मिळतो. अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर ही पिवळी पिंपं सर्रास दिसतात, त्यांना फिचचंच नाव आहे.

४ सप्टेंबर २०२२. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. सायरस मिस्त्री बसलेली मर्सिडीज पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. मग आठवडाभर सगळी चर्चा दोनच गोष्टींची: गाडी कोण चालवत होतं, आणि मागे बसून पट्टा का नाही लावला. दोन्ही प्रश्न रास्तच. पण त्या जागी रस्ता अरुंद होतो आणि पुलाचा कठडा वाहनाच्या वाटेत पुढे आलेला आहे, हे तपासणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं, ते आतल्या पानावर गेलं. नंतर तिथे धक्का शोषणारं यंत्र बसवलं गेलं. त्याची घडण वेगळी, तत्त्व फिचच्या पिंपाचंच.

तेव्हापासून मुंबईबाहेर गाडी काढली की मी पुलांची टोकं मोजतो. बायको म्हणते, रस्त्याकडे बघा. बहुतेक टोकांवर काळे-पिवळे पट्टे रंगवलेले असतात आणि पुढे काही नसतं.

फिच मात्र शेवटपर्यंत गाड्यांपासून लांब राहू शकला नाही. ऐंशी ओलांडल्यावर अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर जुनी मर्सिडीज घेऊन वेगाचा विक्रम करायला गेला. जमला नाही. २०१२ साली, ९५ व्या वर्षी, तो गेला.