रुईचा अंगरखा आणि टांक्यांचा दर

अबुल फझलची 'ऐने अकबरी' आमच्याकडे बहुधा जमीनमहसुलासाठींच वाचली जाते. विद्यार्थी तोडरमलाची जमाबंदी पाठ करतो, परीक्षा देतो व ग्रंथ मिटतो. आम्हीहि कित्येक वर्षें तो तसाच शिकविला. परंतु त्याच ग्रंथांत बादशाही वस्त्रागाराचें एक प्रकरण आहे. कोणत्या पोशाखास कापड किती, आंत रुई किती, शिवण्यास रेशीम किती आणि शिलाई काय पडते, हें सारें तेथें जमाखर्चाच्या वहीप्रमाणें उतरलें आहे. ब्लॉकमनच्या १८७३ सालच्या इंग्रजी भाषांतरांत हीं पानें पुन्हा चाळतांना आम्ही रुई भरलेल्या अंगरख्यांपाशीं थबकलों.

अंगरखा म्हणजे छातीवर एका पदरावर दुसरा घेऊन बंदांनीं बांधावयाचें वस्त्र. आपल्या बाराबंदीची तऱ्हा तीच. 'तकौचिया' या बिनअस्तरी अंगरख्याचे बंद पूर्वीं डावीकडे असत व घेरास चिरा असत. अकबरानें घेर गोल करविला आणि बंद उजवीकडे आणविले. नांवें बदलण्याचीहि त्यास हौस होती. जाम्याचें त्यानें 'सर्वगाती' केलें; तें नांव आज कोणी उच्चारीत नाहीं, जामा मात्र आपल्या पायजम्यांत सुखरूप आहे.

आतां दर पाहा. 'कबा' या रुईदार अंगरख्यास एक शेर रुई लागे, आणि शिलाई फार तर एक रुपया पडे. 'गदर' याहून लांबरुंद. त्यांत अडीच शेर रुई, तरी शिलाई दीड रुपयावर जात नाहीं. उलट 'सुझनी'स रुई अवघी पाव शेर, रेशीम दोन दाम; पण ती बखियाच्या टांक्यांनीं शिवली तर शिलाई आठ रुपये! 'शाह-अजीदा' नांवाच्या अंगरख्यास दर गिऱ्यास, म्हणजे सुमारें दोन इंचांत, साठ टांके सांगितले आहेत व त्याचा दर गजास दोन रुपये आहे.

ऊब स्वस्तांत मिळे. पैसा पडे तो टांक्यांचा. ज्यानें कधीं गोधडी उसवून पाहिली असेल त्यास यांतलें मर्म सांगावयास नको. मोकळी रुई जागीं राहत नाहीं. तिचे गोळे होतात व ती खालच्या घेरांत उतरते. टांका तिला धरून ठेवतो. थर जाड असेल तर टांका बारीक पडत नाहीं, म्हणून नाजूक कामास रुई थोडी. नक्षी आली ती या गरजेच्या मागून.

आठ रुपये म्हणजे तेव्हांचे तीनशें वीस दाम. साध्या मजुरास दिवसाकाठीं दोन दाम मिळत, म्हणजे ही त्याची एकशें साठ दिवसांची कमाई. तितके दिवस शिंपी एका वस्त्रावर बसे असें आम्ही म्हणत नाहीं. कसबी हाताचा भाव मजुराहून अधिक असणारच. तथापि दरबारानें टांक्याचें मोल ओळखलें होतें एवढें निश्चित. घरांत तसें झालें नाहीं. दुपटीं, कुंच्या, रुईच्या बंड्या दुपारच्या उसंतींत बायकांनीं शिवल्या, वर रंगीत धावदोऱ्याची वेलबुट्टी काढली, आणि आमच्या इतिहासांत त्यांचें नांव घरकाम असें पडलें. ज्याची मजुरी दिली नाहीं त्याची नोंद झाली नाहीं, आणि ज्याची नोंद नाहीं तें आम्हीं इतिहास मानलें नाहीं. या चुकींत आमचाहि वांटा आहे.

आमच्या आजीनें शिवलेली एक लहान मुलाची बंडी घरच्या पेटींत आहे. अबुल फझलचे दर समोर ठेवून परवां आम्हीं पट्टी घेतली व तिच्यावरील टांके मोजूं लागलों. इंचास आठ भरले, कांहीं ठिकाणीं नऊ. बादशाही दराच्या जवळपासहि नाहीं. पाठीच्या मध्यावर तांबडा दोरा संपलेला दिसतो. तेथून पुढची अर्धी वेल हिरव्या दोऱ्यानें पुरी केली आहे.